शेपटी पुसलेला तरंग पंधरा

मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा, पण आमच्यात हे म्हातारपणच! माझं नाव तरंग पंधरा प्रो. माझ्या धाकट्या भावाचंही तेच आणि त्याच्या धाकट्याचंही तेच. मित्रांनो, कंपनीवाल्यांना बारशाला दुसरं नाव सुचू नये? आम्हाला ओळखायचं ते पोटावर नावापुढं छापलेल्या बारीक आकड्यांच्या शेपटीवरून.

मला हुडकेश्वरच्या देवकीनं घेतलं. तिचे वडील धोंडबा मूळचे उमरेडचे विणकर. डोळे गेल्यावर त्यांनी आपल्या लुगड्याच्या काठाची नक्षी तोंडानं सांगितली आणि देवकीनं ती एकेक घर मोजून माझ्यात भरली. पुढच्याच महिन्यात धोंडबा गेले. ती नक्षी दुसरीकडे उतरवून ठेवायचं राहूनच गेलं.

माग विकला, तरी दसऱ्याची पूजा चुकली नाही. देवकीची आई पार्वतीबाई मला पाटावर ठेवायच्या. "तोंडाले कुंकू लावलं तं काच खराब होईन," म्हणत पोटावर लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं खसाखसा पुसायच्या. इतक्या दसऱ्यांत माझी शेपटी पुसली गेली. माया होती हो ती, रागवू तरी कसा?

यंदा माझी बॅटरी फुगून मेली, तिच्यावरचा आकड्यांचा कागदही फाटला. बॅटरीशिवाय मी सुरू होत नाही आणि माझी मेमरी सुटी निघत नाही. उमरेडच्या विणकरांनी मागितलेली नक्षी शनिवारपर्यंत पाठवली, तर तिथल्या मागांवर धोंडबांचा काठ पुन्हा विणला जाणार होता. लकडगंजच्या मुकुंद मेकॅनिकनं बॅटरी मागवली, ती बसली नाही. दुसरी मागवली, तीही परकीच निघाली.

"ताई, या नावाचे पाच मॉडेल हायेत. मी तरी काय करू?"

"काहून एकच नाव देतात गा हे लोक?" देवकी रडकुंडीला आली.

मला माझी शेपटी तोंडपाठ आहे! पण बंद लॅपटॉप बोलणार कसा?

शनिवार गेला. देवकी चौकटीची वही घेऊन आईजवळ बसली.

"माय, या फुलाच्या पुढं काय होतं वं?"

"मले कुठं आठवते? ते तं तुह्या बापाले ठाऊक."

मित्रांनो, घरातल्या यंत्राचं पूर्ण नाव आजच कुठंतरी लिहून ठेवा. आणि मोठेपणी कंपनी काढलीत, तर प्रत्येक यंत्राला त्याचं स्वतःचं नाव द्या, एवढंच मागणं आहे.

देवकीनं एक फूल काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. पुढचं फूल मला माहीत आहे. मी तिच्या शेजारीच पडलेलो आहे.