माज नव्हे, सांधे!

मी गरम पाण्याची पिशवी बोलतेय. लाल रबराची, गळ्याला घट्ट बूच. तापट आहे हे आधीच सांगून ठेवते. थंड डोक्यानं बोलणारं कुणी हवं असेल तर फ्रीजमधल्या बाटलीकडे जा.

हेब्बाळला येसाजीरावांच्या घरात माझा सगळा जन्म गेला. त्यांना घरात अप्पाजी म्हणतात. त्यांच्या गुडघ्यांसाठीच मला आणलं. रोज संध्याकाळी सून राजलक्ष्मी मला भरायची, आणि अप्पाजी मला गुडघ्यावर ठेवून कण्हायचे. बसताना "आई गं", उठताना "आई गं". चहा हातात, पेपर हातात, जेवणाचं ताटसुद्धा खुर्चीत. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं, करायलाच हवं. माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली रागीपासून. रागी ही घरची कुत्री. नाचणीला इकडे कानडीत रागी म्हणतात, हिचा रंग तसाच. नाव रागी, पण राग तिला कधी आला नाही. तो सगळा मलाच येतो.

रागी म्हातारी झाली. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरायला लागले. पूर्वी अप्पाजी बाहेरून आले की दारापर्यंत धावायची, आता पडल्या पडल्याच शेपूट हलवायची. एके सकाळी उठता उठता हॉलमध्येच मुतली. झालं!

"माजलीय!" अप्पाजी गरजले. "आयतं खाऊन माजलीय. संग्राम, शनिवारी हिला बोम्मसंद्र्याच्या शेडवर नेऊन बांध."

संग्राम त्यांचा मुलगा. तिकडे त्याचा छोटा कारखाना आहे. शेडवर काय, तर उघडं सिमेंट आणि गळ्यात साखळी. आणि हा शहाणा मुकाट्यानं "बरं" म्हणाला! बघा न्याय. यांचं ते दुखणं, तिचा तो माज.

राजलक्ष्मीनं तिला डॉक्टरकडे नेलं. सांधे झिजलेत, ते म्हणाले. औषध दिलं, माणसांच्या गोळ्या चुकूनही देऊ नका म्हणून बजावलं. फरशीवर काहीतरी अंथरा, कोमट शेक द्या. तिनं हॉलभर जुने जमखाने पसरले. मला कोमट पाण्यानं भरलं, टॉवेलात गुंडाळलं आणि रागीच्या कमरेवर ठेवलं. आधी ती दचकली. मग हळूहळू तिचा पाय सैल पडला आणि तिला झोप लागली. खरं सांगते, मला भरून आलं.

तेवढ्यात अप्पाजी आले. "अगं, माझी पिशवी कुत्रीला? शी! फेक ती आधी."

"सरी अप्पाजी, ठीक आहे. तुम्हाला नवी आणते. ही आता तिची."

तिनं मला फेकलं नाही. रोज रागीला शेकत राहिली.

शनिवार उजाडला. संग्राम गाडीची चावी घेऊन दारात उभा. मी अजून रागीच्या कमरेवरच होते. अप्पाजी तणतणत आले, मला ओढून काढायला वाकले, गुडघ्यानं दगा दिला आणि धप्पकन जमखान्यावर बसले, रागीच्या शेजारी. लागलं नाही, पण उठता येईना. घाबरून रागीही धडपडली. तिलाही उठता येईना.

"बघताय काय? उठवा मला!"

राजलक्ष्मी धावत आली. नवऱ्याला म्हणाली, "ज्याला उठता येत नाही त्याला शेडवर न्यायचं ठरलंय ना? मग सांगा, कुणाला नेताय?"

शाब्बास, पोरी! मला हात असते तर टाळ्या पिटल्या असत्या.

संग्रामनं चावी खिशात घातली. राजलक्ष्मीनं रागीच्या पोटाखालून टॉवेल घातला, मागचा भार स्वतः उचलला आणि तिला उभं केलं. "स्वल्प थांबा अप्पाजी," ती म्हणाली, "आधी हिला बाहेर नेऊन आणते." अप्पाजी जमिनीवर बसून राहिले.

रागी शेडवर गेली नाही. अप्पाजींना नवी निळी पिशवी आली. मी रागीची झाले, रबराला चिरा पडत चालल्यात, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. राग मात्र उतरलेला नाही. तुमच्या घरात एखादं म्हातारं जनावर उठत नसेल, तर त्याला शिव्या द्यायच्या आधी एकदा जमिनीवर मांडी घालून बसा. आणि कुणाचा हात न धरता उठून दाखवा.