लांब पाठीची गाडी सांगते

“मयताची गाडी हाय थे,” अन्सारभाई पुन्हा म्हणाले. “नवरीची गादी इच्यातून नेली तं लोकं दारातून वापस पाठवतीन.”

“मयताच्या गाडीले एवढ्या काचा कायले लागतेत?” शकीलाबी म्हणाली. “मेलेल्या माणसाले काय बाहीरचं पाह्याचं असते का?”

“लांबी पाह्य ना तिची.”

“लांबीच पाह्याले तं आलो आपण. तुमी तोंड पाहून राहिले तिचं.”

ज्या गाडीवरून हे चाललं होतं ती मीच. मी बोलतेय, आणि आधीच सांगते, मी बोलत असताना मधे कोणी टोकलेलं मला खपत नाही. चार दारं बाजूला, पाचवं मागं, पोटात डिझेल, आणि पाठ अशी लांब की वळताना माझं तोंड पुढच्या गल्लीत आणि शेपूट मागच्या गल्लीत. कंपनीच्या कागदांवर मला एस्टेट म्हणत. तो शब्द वऱ्हाडात कोणाच्या जिभेवर बसला नाही. कोणी अर्धी मोटार अर्धा टेम्पो म्हणालं, कोणी अँब्युलन्स म्हणालं, आणि काहीजण अन्सारभाईंसारखं त्याहून वाईट बोलले. मी मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण दाखवलं नाही.

साल दोन हजार सहा. लग्नसराई तोंडावर आलेली. अकोल्यात मूर्तिजापूर रोडला ओमप्रकाशचं जुन्या गाड्यांचं आवार आहे, तिथं टिनाच्या शेडखाली मी उभी होते. अन्सारभाई आणि शकीलाबी हे जोडपं, फुरकानचे आईबाप, जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या काठचं, धंद्यानं गादीवालं. ते कापूस पिंजत, ही गाद्या शिवत असे. एकमेकांशी एरवी ते आपल्या हिंदीत बोलत. पण भांडण पिकलं की दोघंही वऱ्हाडीवर उतरत. दोघांची गावं चांदूर बाजारकडची, आणि लहानपणी ज्या बोलीत शिव्या ऐकल्या त्याच बोलीत माणसाला नीट भांडता येतं.

त्या वर्षांत कापसाच्या मुलखाचं बरं चाललं नव्हतं. मांडव लहान झाले होते, पंगती आखडल्या होत्या. नवी गादी घ्यायला अकोल्याला येणारे कमी झाले. पण घरातलीच जुनी गादी पिंजून, तिला नवं कापड चढवून लेकीला द्यायची, असं म्हणणारे वाढले. त्यांच्या दारात जाऊन जुनी गादी उचलायची आणि नवी करून पोचवायची, तर घरची गाडी हवीच. अन्सारभाईंनी मनाशी तीनचाकी मालऑटो धरला होता. समोरच उभा होता तो, निळा, तोऱ्यात. पुढं चालवणाऱ्यापुरती एक सीट, मागं नुसता हौदा.

शकीलाबीला काय हवं होतं ते मला ती आल्या आल्याच कळलं. दुसरी गिऱ्हाईकं बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात. तिनं माझं पुढचं डावं दार उघडलं, आत बसली, दार ओढून घेतलं आणि समोरच्या काचेतून पाहत राहिली. समोर ओमप्रकाशची भिंत होती. भिंतीकडे इतक्या हौसेनं पाहणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दार बंद झालं की माणसं गाडीशी खरं बोलतात. तीही पुटपुटली. लग्नाच्या गाद्या शिवता शिवता तिचे केस पांढरे झाले, पण अंथरलेली गादी तिनं एकदाही पाहिली नव्हती. गादी जायची हातगाडीवर, नाहीतर भाड्याच्या ऑटोत, आणि सोबत जायचे अन्सारभाई. ते तिकडे जेवून, पान खाऊन परत यायचे. ही विचारायची, कोठी टाकली, कोण्या खोलीत, नवरीनं हात फिरवून पाह्यला का. ते म्हणायचे, “टाकली कोठीतरी. गादी हाय थे, उडून जाते का?”

एवढं स्वतःशी बोलून ती उतरली, आणि नवऱ्याला त्यातलं एक अक्षरही बोलली नाही. मान मोडेल पण मागणार नाही, अशी बाई. मला ती तिथंच आवडली.

मग तिनं माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला.

“ओमप्रकाशभाऊ, इचं आंग काहून तापलं?”

“ऊन हाय ना भाभी.”

तिनं हात उचलून माझ्या टपावर ठेवला. “टप तं थंडा हाय. सावलीत उभी हाय थे. ऊन काय नुसतं नाकावर पडते का इच्या?”

ओमप्रकाश हसला. लबाड होता, पण पकडल्यावर हसणारा लबाड. आम्हा डिझेलवाल्यांचं असं असतं, की थंडीत उठायला आम्ही कुरकुरतो आणि एकदा तापलो की शहाण्यासारखं वागतो. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तो मला चालू करून ठेवायचा. शकीलाबीकडे पिंजायच्या मशीनची मोटर होती, तीही अशीच सकाळी रुसणारी. तिनं फर्मावलं, “थंडी होऊ द्या. मंग चालू करा.”

चहा आला. ती दोघं भांडत बसली. मी थंड होत होते, तेवढ्यात माझं आधीचं सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला, पंच्याण्णव सालचा. शाळेत मला कोणी घातलं नाही. शाळेपुढं उभी मात्र खूप राहिले. मैलाच्या दगडांवरून आकडे शिकले, दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं, ट्रकच्या पाठीवरून शायरी. जे येतं ते माझं मी मिळवलेलं आहे, म्हणून बोलताना मी कोणाची परवानगी काढत नाही.

पहिले मालक अमरावतीचे भगवंतराव, जिनिंगवाले. गावात माझ्यासारखी दुसरी गाडी नव्हती, आणि त्यांना नेमकं तेवढंच हवं होतं. चिखलदऱ्याला जायचं म्हटलं की सगळं घर माझ्यात बसायचं आणि तरी कोणाची तरी आत्या राहून गेलेली असायची. मागच्या जागेत सतरंजी टाकून पोरं उलट्या तोंडानं बसत. पुढं बसलेली मोठी माणसं घाट कधी संपतो म्हणून डोळे मिटून घेत, आणि ही पोरं मागं सुटणाऱ्या रस्त्याला टाटा करत. घाटात मला धाप लागायची, पण त्यांच्या आरडाओरड्यानं मी चढून जायचे. पुढं जिनिंग बंद पडली. मला विकली त्या दिवशी भगवंतरावांनी स्वतःच्या रुमालानं माझी काच पुसली. ड्रायव्हर होता की पुसायला. पण स्वतः पुसली.

दुसरा मालक चांदूर बाजारचा सहदेव. त्यानं माझ्यात संत्र्याच्या पेट्या भरल्या. माझ्या अंगाला इतका गोड वास लागला, की सिग्नलला उभी राहिले तर शेजारचा स्कूटरवाला नाक वर करायचा. मग बाहेरून साहेब लोक यायला लागले, वऱ्हाडाचं दुःख पाहायला. सहदेव मला त्यांना भाड्यानं द्यायचा. पेट्या बाहेर, साहेब आत. वऱ्हाड पाहायला आलेले, पण काच खाली करायचे नाहीत, धूळ येते म्हणून. एका साहेबानं सहदेवला गंभीर होऊन विचारलं, “इथले लोक अलीकडे हसतात का हो?” सहदेव म्हणाला, “तुमी गेले का हासतेत, साहेब.” त्या दिवशी माझा हॉर्न आपोआप वाजल्यासारखं मला झालं. साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही माहीत नाही.

सहदेवला पुढं जीप मिळाली आणि मी ओमप्रकाशकडे आले. आवारात उभ्या गाडीला दिवस मोठा जातो. माझे टायर बसले, मागच्या सीटखाली मांजर व्याली, आणि भंगारवाला येता जाता माझ्याकडे असा पाहायचा, जसा खाटीक बोकडाकडे पाहतो. मीही त्याच्याकडे पाहायचे. डोळे माझे मोठे आहेत.

असो. चहा संपला. शकीलाबीनं बाहेर थांबवलेल्या आपल्या हातगाडीवाल्याला हाक मारली. त्या हातगाडीवर एक डबल गादी होती, लाल फुलांच्या कापडाची, त्याच आठवड्यात द्यायची. गाडी पाहायला येताना गादी घेऊन आलेलं गिऱ्हाईक ओमप्रकाशनं पहिल्यांदाच पाहिलं.

“भाभी, मुक्काम कराचा विचार हाय का?”

“तुमच्या गाड्या पाह्यता पाह्यता रात्र झाली तं कोणाच्या घरी जाऊ?” ती म्हणाली.

आधी एक छोटी पेट्रोलची गाडी पाहिली. गादी आत सरकवली तर अर्धी बाहेर राहिली, दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी. मग एक जीप. तिच्यात गादी गेली, पण ती जीप डिझेल अशी प्यायची, की ओमप्रकाशच खाजगीत तिच्या टाकीला तळ नाही म्हणायचा. आणि शकीलाबी त्याच्या तोंडाकडे पाहूनच समजली. मग माझी मागची सीट आडवी पाडली. गादी सरळ आत गेली. कडा जराशा वर चढल्या तेवढंच. मागचं दार लागलं, आणि लागताना मी मुद्दाम आवाज चांगला काढला.

“दुमडली नाई,” शकीलाबी म्हणाली. “टाके ताणत नाई.” मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं मागचं दार पुन्हा उघडलं, चपला काढल्या, आत चढली आणि गादीवर सरळ आडवी झाली. हात पोटावर, डोळे मिटलेले.

रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. समोरचा पानठेलेवाला उठून आला.

“उठ शकीला,” अन्सारभाई दबक्या आवाजात म्हणाले. “लोकं पाहून राहिले.”

“मयताले उठ म्हणतेत का कोणी?”

“शकीला, उठ म्हणतो मी.”

“रडा ना थोडंसं. लोकं आलेच हायेत तं.”

पानठेलेवाला हसला, ओमप्रकाश हसला, आणि अन्सारभाईंना इतका खोकला आला की त्यांना तोंड फिरवावं लागलं. तो खोकला मला ओळखता येतो. शकीलाबी उठून बसली आणि माझ्या काचांकडे बोट दाखवत म्हणाली, “हवा येते, उजेड येते, सारं रान दिसते. मयताची एवढी सोय आपल्यात कोणी करत नाई. मयताचं नाव आता काढू नका.”

तोवर मी थंड झाले होते. तिनं स्वतः हात लावून खात्री केली. ओमप्रकाशनं चावी फिरवली, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला आणि सेल्फ मारला. मी नुसती खाकरले. खरं सांगते, मला भीती वाटली. त्यानं पुन्हा मारला, आणि मी धरलं. आधी थरथरत, मग जमिनीत पाय रोवून. शकीलाबीनं पदराच्या गाठीतून मूठभर कापूस काढला आणि माझ्या सायलेन्सरपुढं धरला. माझ्या धुरानं गादी काळी पडणार का, ते तिला पाहायचं होतं. कापूस जरा राखाडी झाला. काळा झाला नाही.

आता मी मोर्णेच्या काठी राहते. अंगभर कापूस चिकटलेला असतो, त्यानं मी म्हातारी दिसते आणि मला ते शोभतं. पंख्याचा पट्टा ओरडतो, उजवं मागचं दार आतून उघडत नाही, घाटात धाप पूर्वीपेक्षा लवकर लागते. पण मूर्तिजापूर, चांदूर बाजार, अमरावती, सगळीकडे मांडवांत मला ओळखतात. पोरं ओरडतात, गादीची गाडी आली. कोणी मयताची म्हणत नाही, आणि कोणी म्हणालाच तर त्याला उत्तर द्यायला माझ्यात माणूस बसलेलं असतं.

तुम्ही जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा माझं एक ऐका. तिचं वय विचारत बसू नका, तिच्या सवयी विचारा. थंड असताना चालू करून पाहा. रंगाला भुलू नका, रंग माणसंही लावतात. आणि घरातली जी बाई काहीच मागत नाही, तिला आधी आत बसवून पाहा, ती कुठं पाहते ते पाहा. एवढीच विनंती. मला आता निघायला हवं, चांदूर बाजारची एक गादी पोचवायची आहे.

पण ते भांडण राहिलंच. माझं इंजिन चालू होतं. अन्सारभाई माझ्याभोवती एक फेरी मारून आले. आवाज खाली आला होता, हट्ट मात्र जागच्या जागी.

“गाडी खराब नाई,” ते म्हणाले. “मयताचं बी सोडलं मी. पण सरळ हिशोब सांगून राहिलो. मालऑटोत गाद्या जास्त बसतेत. इच्यात पुढं दोन सीटं हायेत. एकावर मी बसीन. दुसऱ्याचं काय करायचं, उशा ठेवायच्या का?”

ओमप्रकाश उगाच चावीच्या जुडग्याकडे पाहू लागला. पानठेलेवाल्यानं तोंडातलं पान चघळायचं थांबवलं. शकीलाबीनं हातातला राखाडी कापूस टाकून दिला, पदरानं बोटं पुसली आणि नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

“आजवर माह्या गाद्या लग्नाले गेल्या, फुरकानचे अब्बा; आता मी जाईन.”