थोर्दुरचा मुलगा

"नळ्यांची अदलाबदल केलीस तू, उन्नुर," डॉक्टर फोनवर वैतागले होते. "कोल्बेइनचं रक्त त्याच्या सख्ख्या काकाशी जुळतच नाही. परत घेऊन ये."

आइसलँडच्या या पश्चिम खाडीत मी वीस वर्षं नर्स आहे. इथल्या थोर्दुरच्या, म्हणजे कोल्बेइनच्या वडिलांच्या, घराण्यात ऐन तिशीत मेंदूतली रक्तवाहिनी फुटते आणि माणूस जातो. तो दोष शोधायला राजधानीत घराण्यांच्या वंशावळी आणि रक्तातली जनुकं यांचा मोठा संग्रह उभा राहतोय. त्यासाठी रक्त मी गोळा करते. नळी माझ्या हातून कधी बदललेली नाही. कोल्बेइनची बदलणं तर शक्यच नव्हतं.

तेविसाव्या वर्षी त्यानेच मला सांगितलं होतं, "माझ्या रक्तात मरण आहे. तुला विधवा करणार नाही." मी रडले, भांडले आणि शेवटी पोस्टातल्या माणसाशी लग्न केलं.

नळी बदलली नव्हती, म्हणजे बापच बदलला असणार.

मी शेतावर पोचले तेव्हा कोल्बेइन मेंढ्यांकडून येऊन हात धुवायला गेला होता. त्याची आई, हेर्दिस, चुलीपाशी क्लेनुर, पीळ दिलेल्या गोड पुऱ्या, तळत होती.

"परत कशाला रक्त?"

"थोर्दुरच्या भावाशी जुळत नाही."

तिचा झारा कढईतच राहिला. "हळू बोल."

"म्हणजे ठाऊक होतं तुला!"

"तुमचं जमलं तेव्हा सांगणारच होते गं. पण सासू जिवंत होती. ती मेली तोवर तुझं लग्न झालेलं. मग कुणासाठी सांगायचं?"

"त्याच्यासाठी! डोकं दुखलं की धुतलेले कपडे घालून झोपतो तो. सकाळी मेलेला सापडला तर तुला त्रास नको म्हणून."

"आणि सांगितल्यावर मला आई म्हणेल?" तिने डोळे पुसले. "तू सांगणार आहेस का?"

"मला बंदी आहे. रक्तातून कळलेलं रक्त देणाऱ्यालाही सांगायचं नाही, तशी सही केलीय मी. तू सांग. आत्ता."

"देव त्या नियमाचं भलं करो," ती पुटपुटली. कढईतलं तेल तिच्या हातावर ओतावं, इतका मला राग आला.

तेवढ्यात बाही वर सारत कोल्बेइन आला. एक्केचाळिसाव्या वर्षीच केस पांढरे झालेत त्याचे.

"काय नर्सबाई, मागचं रक्त सांडलंत वाटतं?"

मी हेर्दिसकडे पाहिलं. ती क्लेनुर उलटत होती.

"हो," मी म्हणाले. "माझीच चूक."

त्याने संमतीच्या कागदावर ठळक अक्षरांत नाव लिहिलं: कोल्बेइन थोर्दारसन, म्हणजे थोर्दुरचा मुलगा. आमच्यात आडनाव नसतं. बापाचं नाव हीच ओळख.

"या वेळी दोन नळ्या भर," तो म्हणाला. "बाबांचं माझ्याकडे एवढंच तर आहे. चुलतभावांच्या पोरांना तरी उपयोग होऊ दे."

मी दंडाला पट्टा आवळला. हेर्दिसने गरम क्लेनुरची ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"खाऊन घे हं," ती म्हणाली, "नाहीतर चक्कर येईल."

दोन्ही नळ्या भरल्या. दोन्हींवर मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं.