पहिल्या फळीतला चौथा गडी

मित्रांनो, लोक मला गाडी म्हणतात खरे, पण मला ना चाकं, ना बैल, ना भोंगा. माझ्यात बसून आजवर कोणी परगावी गेलं नाही. गड्यांनी मला मागून ढकलायचं आणि मी होता होईल तो जागची हलायचं नाही, एवढंच माझं काम. दापोडीच्या मैदानाकडेला, पत्र्याच्या शेडमागे पडलेली मी एक जुनी ढकलगाडी आहे. कालपरवापर्यंत अंगावर घाणेरीची झुडपं वाढली होती, एका उशीत उंदरांनी संसार थाटला होता. पण म्हणून मला भंगारात काढू नका हं! माझ्यावर खांदे टेकून तयार झालेल्या गड्यांनी सिलोनचा संघ थोपवला आहे.

माझा जन्म चोपन्न सालचा. लष्कराच्या वर्कशॉपात सुतारकाम करणाऱ्या मारुतरावांनी मला घडवलं. बाभळीच्या दोन जाड तुळ्या, त्यांवर आडव्या फळ्या, आणि गोणपाटात काथ्या ठासून केलेल्या तीन उशा. उशांवर कातडं. घसरायला सोपं जावं म्हणून बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सरळ करून माझ्या बुडाला ठोकली, आणि वजनाला माणूस बसावा म्हणून वर एक रुंद फळी टाकली. पहिल्या दिवशी मारुतरावांनी मला एकट्याने ढकलून पाहिलं. मी तसूभर हलले नाही. तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू!

आता हा खेळ कोणता, तेही सांगते. रग्बी. लांबोडका चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी तुम्हाला पाडायचं. मध्येच खेळ अडला की दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि डोक्यात डोकी अडकवून रेटतात. साहेबलोक त्याला स्क्रम म्हणत, आमचे भोसरीचे पैलवान सरळ रेटा म्हणत. या रेट्यात सगळ्यांत पुढे तिघांची पहिली फळी असते, डावा, उजवा आणि मधला. मधल्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर गुंतलेले, आणि चेंडू आत आला की त्याने तो पायाने मागे ओढायचा. समोरच्यांचा जोर आणि मागच्यांचा जोर, दोन्ही या तिघांच्या मानेवर येतात. म्हणून पहिल्या फळीत हौसेखातर कोणालाही उभं करत नाहीत. ती मान घडवावी लागते, आणि ती माझ्यासमोर घडते.

आमचा संघ बांधला तो सुभेदार यशवंतरावांनी. पलटणीत असताना ते हा खेळ शिकले होते. त्यांच्या पहिल्या फळीत डावीकडे भोसरीचा पैलवान रंगराव, उजवीकडे आमचे मारुतराव, आणि मध्ये चिंचवडचे उद्धवराव. उद्धवराव म्हणजे हसतमुख माणूस. माझ्या उशीला खांदा लावतानाही कोणाची तरी थट्टा चाललेलीच असायची. तिघांनी मिळून रेटलं की मलासुद्धा हलावं लागायचं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

मग पहिला मोठा सामना आला. मुंबईचा एक संघ दापोडीला खेळायला आला होता. रंगराव तालमीतला माणूस. मोठी कुस्ती म्हटली की आदल्या दिवसापासून अंगाला तेल, ही त्याच्या वस्तादाची शिस्त. हाही मोठाच डाव, म्हणून पठ्ठ्या सकाळी मान-खांदे तेलाने माखून आला. वर जर्सी घातली, तीही चिंब झाली. कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच रेट्याला उद्धवरावांची बोटं त्याच्या खांद्यावरून सटकली, फळी फुटली आणि उद्धवराव डोक्यावर आपटले. त्यांच्या अंगावर दहा-बारा माणसं कोसळली.

मी कडेलाच होते. त्यांच्या मानेचा तो आवाज मी ऐकला. तो पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही.

उद्धवराव वाचले. कित्येक महिने प्लॅस्टरमध्ये काढले, पण मान कायमची आखडली. हाक मारली तर सगळं अंग वळवून बघावं लागायचं. रंगराव त्यांच्या दारात जाऊन लहान पोरासारखा रडला. त्या दिवसापासून तो खांद्यांना तालमीतली कोरडी माती चोळूनच सरावाला येई. आणि सुभेदारांनी सगळ्यांसमोर बजावलं, "यापुढे माझ्या पहिल्या फळीत कच्चा माणूस उभा राहणार नाही. तीन पक्के नसतील तर सामना नाही. समोर कोणी का असेना!"

मित्रांनो, तीन पक्के गडी हे म्हणायला सोपं. पण माणसं म्हटली की कोणाची शिफ्ट, कोणाची सुगी, कोणाच्या घरी लग्न. त्यात त्या काळी या खेळात एकदा सामना सुरू झाला की बदली गडी घ्यायची मुभा नव्हती. मधल्या जागेवर अर्जुनराव नावाचा गडी तयार झाला, तरी सुभेदारांच्या डोक्यातला घोर जाईना. एखादा आजारी पडला तर चौथा कोण?

तो चौथा आपल्या पायाने चालत आला. सयाजी त्याचं नाव. बीडकडचा. पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला तेव्हा बाटल्या धुवायच्या कामावर लागला होता. बुटका, रुंद, बोलायला कमी. सुभेदार म्हणाले, "जागा नाही रे बाबा." तो म्हणाला, "नसू द्या. ढकलू तर द्याल?"

आणि त्याने ढकलायला सुरुवात केली. पहिली शिफ्ट सुटली की हा हजर. तोवर उद्धवरावही घरी बसून कंटाळले होते. ते माझ्या फळीवर वजनाला येऊन बसू लागले. वर उद्धवराव, खाली सयाजी, आणि मध्ये मी. रंगराव येता-जाता टोमणा मारायचा, "काय सयाजीराव, भुतावानी एकलेच काय ढकलताय? संघ कुटं हाय तुमचा?"

"येईल की," सयाजी म्हणायचा आणि पुन्हा खांदा लावायचा.

उद्धवरावांनी त्याला आधी डावी जागा शिकवली, मग उजवी, मग मधली. "पाय मागे घे. पाठ मेजासारखी सपाट. खाली बघू नकोस, समोर बघ. ढुंगण वर काढलंस तर मान खाली जाईल, आणि मान खाली गेली तर माझ्याकडे बघ काय होतं ते!" असं बोलून स्वतःच हसायचे. संध्याकाळी त्यांची बायको कुसुमताई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांना न्यायला यायची. ती मात्र या बोलण्याला कधी हसली नाही.

दोन वर्षं गेली. सयाजीला एकही सामना मिळाला नाही. माझ्या मधल्या उशीवर मात्र त्याच्या खांद्यांचा खोलगट ठसा उमटला होता.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात बातमी आली की सिलोनचा संघ मुंबईला येतोय आणि एक सामना दापोडीला खेळणार आहे. परदेशचा संघ आणि आमच्या मैदानावर! मैदानाला चुन्याच्या रेघा पडल्या, खांबांना रंग लागला, मारुतरावांनी माझंसुद्धा कातडं बदललं. आणि सामना तीन दिवसांवर आला असताना अर्जुनरावाला गालगुंड झालं.

"अर्जुन्याचं त्वांड पार भोपळ्यावानी झालंय," रंगराव सांगत आला. "मान कुटं न् गाल कुटं, कळंना!"

कोणी हसलं नाही. सुभेदार माझ्या फळीवर टेकले. "संपलं. उद्या तार करतो. सामना नाही."

"मी हाय की," सयाजी म्हणाला.

सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलं, मग उद्धवरावांकडे. "तुम्ही शिकवलंय त्याला. तुम्ही सांगा, पक्का आहे का?"

उद्धवरावांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "नाही."

मला असा राग आला म्हणून सांगू! दोन वर्षं त्या पोराचा जोर मी सोसला होता. मला तोंड असतं तर तिथल्या तिथे सुनावलं असतं.

"का?" सयाजीने विचारलं. "कुठं कमी पडायलोय मी?"

"कमी नाहीस रे. पण त्या जागेवर तू वाकलास की मला माझीच मान दिसते. मला भीती वाटते."

"मग दोन सालं मला काय शिकवलं, दादा? ढकलायला का भ्यायला?"

कुसुमताई तेवढ्यात येऊन मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "भावजी, एकाची मान गेली तेवढी पुरे झाली. नका हट्ट करू. हे पडले त्या दिवसापासून एक रात्र मला धड झोप नाही."

"वैनी, तुमचं खरं हाय," सयाजी म्हणाला. "पण मी हौसेनं वाकत न्हाई. मला येतंय. दादांनी नीट बघावं, आणि मग न्हाई म्हणावं. मी गप घरी जातो."

उद्धवराव माझ्या फळीवरून खाली उतरले. माझ्यावर गड्यांनी दगड रचले, इतके की माझी धाव मातीत रुतली. मध्ये सयाजी, डावीकडे रंगराव, उजवीकडे मारुतराव, मागे पाच जण. तिघांचे खांदे माझ्या उशांना भिडले. मग उद्धवरावांनी कुसुमताईच्या हातातला भरलेला तांब्या घेतला आणि सयाजीच्या पाठीवर ठेवला. "पाठ वाकली की हा पडेल," ते म्हणाले. "पडला की विषय संपला."

शिटी वाजली. आठ जणांनी जोर लावला. मी हट्टाने रुतून राहिले, कारण इथे सोपं होऊन सयाजीचं भलं होणार नव्हतं. मागच्या पाचांनी दात-ओठ खाल्ले. रंगराव ओरडला, "धर, सयाजी, धर गड्या!" तांब्यातलं पाणी हिंदकळून सयाजीच्या मानेवरून खाली ओघळलं, पण तांब्या जागचा हलला नाही. तिन्ही उशांवर सारखा भार येत होता. शेवटी माझीच धाव करकरली आणि मी पुढे सरकले. हललेच बाई मी!

उद्धवरावांनी तांब्या उचलला, उरलेलं पाणी गटागटा प्यायले आणि सुभेदारांना म्हणाले, "खेळवा त्याला." डोळ्यांना पदर लावून कुसुमताई घरी निघून गेली.

सामन्याला भोसरी, कासारवाडी, पिंपरी, सगळीकडून माणूस लोटला. सिलोनचे गडी दांडगे होते. त्यांचा उजवा तर असा की त्याच्या सावलीत दोघे झोपले असते. येणार नाही येणार नाही म्हणत कुसुमताईही आली, आणि माझ्याशेजारी उभी राहिली. पहिल्या रेट्याला तिने माझी फळी अशी आवळली की तिच्या बांगड्या माझ्या लाकडात रुतल्या. दोन्ही संघांच्या फळ्या भिडल्या. एक हिसका बसला. फळी टिकली. सयाजीचा पाय पुढे आला आणि चेंडू मागे गेला. कुसुमताईने तेव्हा कुठे श्वास सोडला.

दुसऱ्या डावाच्या शेवटी तीन-तीन अशी बरोबरी होती आणि सिलोनने आम्हाला आमच्याच रेषेपर्यंत आणून टेकवलं होतं. रेटा मिळाला. त्या रेषेपलीकडे त्यांनी चेंडू टेकवला की गुण त्यांचे, म्हणजे आता फळी मागे सरकली की सगळं गेलं. सिलोनने जोर लावला. आमचे आठही जण वीतभर मागे आले. रंगरावाच्या पोटऱ्या लटलटायला लागल्या, मारुतरावांच्या तोंडाला फेस आला. आणि मधून सयाजीचा आवाज आला, "थांबायचं! इथंच थांबायचं!" बोलायला कमी असणारा आमचा सयाजी! फळी थांबली. त्याने चेंडू मागे ओढला, मागच्या गड्याने तो लाथेने लांब बाहेर मारला आणि सामना संपल्याची शिटी वाजली. बरोबरी. लोक जिंकल्यासारखे नाचले.

सयाजी मातीने माखलेला आमच्याकडे आला. शाबासकी द्यायला सगळे धावले, पण कुसुमताईने सगळ्यांना बाजूला सारलं. "आधी मान हलवून दाखवा, भावजी."

त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं. कुसुमताई हसली आणि तिला रडूही आलं. उद्धवराव तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांचेही डोळे वाहत होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

त्याला आता तीन वर्षं झाली, मित्रांनो. मारुतरावांची बदली जबलपूरला झाली. रंगरावाचे गुडघे गेले. सुभेदार थकले, संघ सयाजीवर सोपवून घरी बसले. पहिल्या फळीत उरले दोघेच, सयाजी आणि अर्जुनराव. आमंत्रणं अजून येतात, पण तीन पक्के नाहीत म्हणून सयाजी नकार कळवतो. सुभेदारांचा शब्द तो मोडत नाही. नकार कळवला की त्या दिवशी तो इथे येऊन उगाच माझ्या उशीला खांदा लावून उभा राहतो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

काल मात्र तो कोयता घेऊन आला. माझ्यावरची घाणेरी तोडली, वाळवीवर रॉकेल ओतलं, उंदरांना हाकललं. उद्धवराव आपल्या जुन्या जागी वर बसले. "किती पोरं आणणार आहेस?" त्यांनी विचारलं. सयाजी म्हणाला, "तिघं खेळायला, आणि तिघं नुसती ढकलायला. ढकलणारी आधी पाहिजेत."

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखं काहीतरी कुठे झुडपात पडलेलं असेल. ते मोडीत घालू नका. आणि ज्याला संघात जागा मिळाली नाही तरी जो रोज येतो, त्याला हसू नका, त्याला पाणी द्या. बाकी काही सांगत नाही. उद्यापासून संध्याकाळी मैदानात या. अंगाला तेल नको. पाठ सपाट ठेवा, समोर बघा आणि खांदा लावा. मी सहजासहजी हलणार नाही, ते मात्र आधीच सांगून ठेवते.