शेवटच्या रांगेपर्यंत

तीन महिन्यांत मी सुमंतकाकांना चाळीस वेळा तरी सांगितलं असेल, "काका, कमी करा." भुवया कमी, हात कमी, आवाज तर निम्म्याहून कमी.

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळाची पाडव्याची एकांकिका यंदा मी बसवत होते. सुमंतकाका निवृत्त भूलतज्ज्ञ, वय सत्त्याहत्तर. "आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता स्टेजवरून कुणाला झोपू देणार नाही," असं म्हणून ते दरवर्षी नाटकात उतरतात. तरुणपणी सांगलीला गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं केलेली. रडायचं म्हटलं की दोन्ही हात डोक्यावर, चिडायचं म्हटलं की पाय आपटलाच. मी कॉलेजला पुण्यात, एकांकिका स्पर्धांमध्ये तयार झालेली. असलं काही पाहिलं की माझं डोकंच उठतं.

त्यात आमच्या तालमी व्हिडिओ कॉलवर. कुणाची संध्याकाळची मीटिंग, कुणाच्या मुलीचं स्विमिंग. एका खोलीत पाच माणसं जमणं अशक्य. स्क्रीनवरच्या चौकटीत विवेकने नुसती पापणी खाली केली तरी मला भरून यायचं. शेजारच्या चौकटीत काकांचा अभिनय सुरू झाला की फक्त त्यांचं कोपर दिसायचं. एकदा माझा तोल गेला आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, ही ओव्हरॲक्टिंग बंद करा. समोर माणसं असणार आहेत, बहिरी नाहीत ती!"

"डिरेक्टर म्हणेल तसं," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते खरोखरच हळू बोलू लागले. मला जिंकल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली.

माझा सगळा जीव अडकला होता तो बाबांमध्ये. ते नागपूरहून आमच्याकडे आले होते. वय चौऱ्याऐंशी, एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने मनात असेल तेव्हा. त्यांनी माझं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. मंगळवारी ते परत जाणार होते, आणि पुन्हा एवढा प्रवास करू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे हा एकच शनिवार.

आमच्या घरात माया दाखवायची पद्धत नव्हती. वीस वर्षांपूर्वी मी अमेरिकेला निघाले, तेव्हा बाबांनी विमानतळावर दोन बोटं वर केली, तीही खांद्याच्या खालीच. त्या दोन बोटांवर मी वीस वर्षं काढली. खरा अभिनय तो तसाच, असं माझं पक्कं मत झालं होतं.

हायस्कूलचं ऑडिटोरियम मंडळाला कार्यक्रमाच्या दिवशीच मिळतं. शनिवारी दुपारी आम्ही प्रथमच त्यात पाऊल टाकलं. सहाशे खुर्च्या. वॉकरमुळे बाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. शेजारी माझी लेक स्वानंदी. रंगीत तालीम झाली. गोष्ट साधी: मुलगी कायमची दूर निघालीय आणि बापाला 'थांब' म्हणवत नाही. संपल्याबरोबर मी धावत मागे गेले.

"बाबा, कसं वाटलं?"

"सुरू कधी होणार?"

"झालं ना आत्ता!"

"असं होय. मला वाटलं, मंडळी सामान लावताहेत."

मी तिथूनच रंगमंचाकडे पाहिलं. विवेक उभा होता. त्याची पापणी सोडा, त्याला चेहरा आहे हेसुद्धा कळत नव्हतं. तीन महिने मी हातभर अंतरावरून नाटक बसवलं होतं.

मेकअपच्या खोलीत काका एकटेच आरशासमोर बसले होते.

"काका, माझं चुकलं. तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले, तेही चुकलं. तुमचे हात परत पाहिजेत."

"किती?"

"सगळे."

"भुवया?"

"त्यासुद्धा."

चार शब्द सुनावायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी फक्त चष्मा पुसला. "दोन तास आहेत. बोलव सगळ्यांना."

ते थेट शेवटच्या रांगेत, बाबांच्या शेजारी जाऊन बसले आणि तिथून ओरडू लागले. "कांचन, तुझ्या हातातलं पत्र आम्हाला दिसलं नाही! विवेक, तुझं दुःख चौथ्या रांगेत पडलंय, उचल ते!"

"यार काका, एम्बॅरसिंग वाटतं!" विवेक म्हणाला.

"तुला वाटू दे. यांना कळू दे."

"माइक आहेत ना पण," मी पुटपुटले.

"माइक आवाज मोठा करतो, माणूस नाही," काका म्हणाले. "आमच्या मंडपाबाहेर एक शेंगावाला असायचा. तो पुड्या बांधायचा थांबला, की आम्ही समजायचो, पोचलं."

संध्याकाळी खेळ झाला. निरोपाच्या प्रसंगात काकांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, पाय आपटला, आवाज फाटेपर्यंत लेकीला हाक मारली. पुढची पोरं आधी खुसखुसली. मग ती गप्प झाली, आणि सगळं ऑडिटोरियम गप्प झालं. विंगेत मी पदराने नाक पुसत उभी होते. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, मला सुचत नव्हतं.

शेवटी सगळ्यांनी मला ओढत रंगमंचावर नेलं. दिवे लागले. मी शेवटची रांग शोधली.

बाबा उभे होते. वॉकर सोडलेला, स्वानंदीने कमरेला घट्ट धरलेलं. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन ते जोरजोरात हलवत होते, सुटलेली एसटी थांबवावी तसे. तोंड उघडं होतं, काहीतरी ओरडत होते. शब्द ऐकू आले नाहीत, पण माझं नाव होतं हे एवढ्या लांबूनही दिसलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाची ती शुद्ध ओव्हरॲक्टिंग होती, आणि सहाशे खुर्च्या ओलांडून ती माझ्यापर्यंत आली.

घरच्या सवयीने माझी दोन बोटं वर गेली.

"तेवढ्याने नाही दिसायचं त्यांना," शेजारून काका हळूच म्हणाले.

मी दोन्ही हात वर केले.