साडेचारचं रावेन्ना

सहल कशी आखतात हे आमच्याकडून शिकावं. आधी जेवायचं कुठे ते ठरवायचं, मग तिथे पोचेपर्यंत कडकडून भूक लागेल अशा बेताने निघायचं, आणि वाटेत एखादं चर्च आलंच तर बसमधूनच छातीवर क्रूस काढायचा. देवही समजून घेतो, त्यालाही रविवारी जेवायला उशीर झालेला चालत नसणार.

मी एवाझिओ. अस्तीकडच्या डोंगरांतल्या एका गावचा निवृत्त पोस्टमन आणि अकरा वर्षं तिथल्या बोच्चे क्लबचा सेक्रेटरी. बोच्चे म्हणजे लोखंडी गोळे फेकायचा खेळ. क्लबात गोळे आहेत, मैदान आहे, पण आमचा खरा खेळ म्हणजे दर मे महिन्यातली दोन दिवसांची सहल. अकरा वर्षांत आम्ही तोस्काना पाहिलं, म्हणजे तिथलं भाजलेलं डुक्कर पाहिलं. लिगुरियाला जाऊन आलो, समुद्र काही दिसला नाही, कारण रेस्टॉरंटच्या खिडक्या मागच्या गल्लीकडे होत्या. कुणाची तक्रार नव्हती.

कुठे जायचं ते दरवर्षी चिठ्ठी काढून एक सभासद ठरवतो. यंदा चिठ्ठी निघाली ओत्ताविया बाईंची. बाई ब्याऐंशी वर्षांच्या. छत्तीस वर्षं त्यांनी गावात तिसरीचा वर्ग घेतला. आज कमिटीत पोट सावरत बसणाऱ्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेत, माझाही.

"रावेन्ना," बाई म्हणाल्या.

मला लगेच कळलं. तिसरीच्या पुस्तकात त्या छताचं चित्र होतं. रावेन्नातली एक छोटीशी जुनी समाधी आणि तिचं काचेच्या बारीक तुकड्यांनी मढवलेलं छत. चित्र काळंपांढरं. बाई पुस्तक उंच धरून सांगायच्या, "मुलांनो, हे निळं आहे बरं का. गडद निळं, आणि त्यावर सोन्याच्या चांदण्या." एकदा मी आगाऊपणा करून विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" "नाही रे. पाहीन कधीतरी," त्या म्हणाल्या होत्या. नवरा अंथरुणाला खिळला, मग आई, मग द्राक्षांचा मळा. ते कधीतरी राहूनच गेलं.

"काचबिंदू आहे मला," बाईंनी कमिटीला सरळ सांगितलं. "कडेचं दिसत नाही, मधलं तेवढं उरलंय. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत तेही जाईल. त्याच्या आत मला ते छत बघायचंय. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं."

सगळे गलबलले. आमचे अध्यक्ष सेकोंदो, उभा जन्म खाटिकखान्यात गेलेला माणूस, त्यांनी चक्क रुमाल काढला. "बाई, छत बघायचं म्हणजे बघायचं! माझा शब्द!" नाक शिंकरून त्यांनी नकाशा पसरला आणि बोट ठेवलं ते मोदेनावर. "आता पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण."

बाईंनी 'बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं' म्हणायला नको होतं. छत्तीस वर्षं आम्हाला शिकवून ही चूक त्यांनी कशी केली, देव जाणे.

तीन महिने बैठका चालल्या. पहिल्या दिवशी मांस भरलेले तोर्तेल्लिनी खायचे ठरले, तेव्हा सेकोंदोंची बायको आर्मिदा कडाडली, "दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेलाच पास्ता? पोटं आहेत का पोती?"

"अगं, दुसऱ्या दिवशीच्यात चीज असतं," सेकोंदो म्हणाले. "रावेन्नाकडची, म्हणजे रोमान्याची पद्धत वेगळी."

"पद्धत कसली? मांस परवडत नसेल त्यांना."

"न चाखताच बोलू नकोस."

"चाखायची गरज काय? माझ्या आईच्या हातचा पास्ता खाल्लाय मी."

या एकाच वादावर चार गुरुवारच्या बैठका गेल्या. मग रश्श्याचा प्रश्न आला. कोंबड्याचा की बैलाचा? सेकोंदोंनी दुसऱ्या दिवशीच्या, फाएन्झाच्या खानावळीत सात वेळा फोन केला. सातव्यांदा मालकीण म्हणाली म्हणे, की साहेब, तुम्ही येऊन स्वतःच शिजवा. सेकोंदोंना राग नाही आला. "मालकीण पक्की आहे. रस्सा चांगला असणार," ते खुशीत म्हणाले.

आणि वाइन! तिकडची वाइन फेसाळते, तिला आम्ही लाल सोडा म्हणतो. तेव्हा आपल्या बार्बेराच्या साठ बाटल्या बसच्या पोटात घालून न्यायच्या ठरल्या. सोबत तीन सलामी, न जाणो तिकडची खारट निघाली तर. दुसऱ्याच्या प्रांतात खाऊन बघायला निघालेली माणसं आम्ही, पण घरचं खाणं बरोबर नाही घेतलं तर आम्हाला झोप लागत नाही.

वेळापत्रक मी बनवलं. जेवणं शाईने लिहिली. तळाशी थोडी जागा उरली होती, तिथे पेन्सिलीने लिहिलं, 'रावेन्ना, साडेचार'. त्या समाधीत थोडी थोडी माणसंच आत सोडतात, म्हणून आमच्या त्रेचाळीस जणांची साडेचारची तिकिटं काढून ठेवली. बाईंनी कागद नाकाशी धरून वाचला. "पेन्सिलीने का रे, एवाझिओ?"

"शाई संपली, बाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आठ वर्षांचा असल्यासारखं वाटलं.

पहिला दिवस झकास गेला. म्हणजे चीजचा कारखाना पाहिला, जेवलो, जेवणाला दहापैकी साडेसहा दिले आणि हॉटेलवर जाऊन आपली सलामी कापली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला फाएन्झाला टेबलावर बसलो. स्टेशनजवळचीच खानावळ. साडेतीनला निघायचं, पाऊण तासाचा रस्ता, म्हणजे सगळं वेळेत.

आधी हॅम आली, मऊ चीज आलं, गरम भाकऱ्या आल्या. भाकऱ्या दोनदा मागवल्या. मग रश्श्यातला पास्ता. आर्मिदाने पहिला घास घेतला, सगळं टेबल तिच्या तोंडाकडे बघत थांबलं. "वाईट नाही," ती म्हणाली. आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही. पोरगी झाली की बाळंतिणीलाही आम्ही हेच म्हणतो. मग ताटं पुन्हा भरली. मग दुसरा पास्ता आला. अडीच वाजले, आणि रोस्ट, ससा आणि गोड अजून यायचंच होतं.

बाईंनी रश्श्याला चमचाही लावला नव्हता. त्या माझ्या शेजारी आल्या. "एवाझिओ, साडेतीनला निघू ना आपण?"

"हो हो, बाई! आरामात!" माझ्या तोंडात घास होता.

"खरं सांग."

मी सेकोंदोंकडे पाहिलं. ते शर्टाची वरची बटणं सोडून मालकिणीला सांगत होते, "घाई करू नका हं, मांस आपल्या वेळेने येऊ द्या."

बाईंनी हात पुढे केला. "माझं तिकीट दे."

मी दिलं. तेलकट बोटांनी दिलं. कशाला हवंय ते मला कळलं नाही असं म्हणणार नाही. स्टेशन दहा मिनिटांवर, तिथून रावेन्नाची गाडी चाळीस मिनिटांची. ब्याऐंशी वर्षांची बाई, कडेचं दिसत नाही, रस्ता ओलांडताना मोटार दिसणार नाही. उठून त्यांच्याबरोबर जायला मला काय धाड भरली होती? काहीसुद्धा नाही. पण तेवढ्यात रोस्ट आलं, कड कुरकुरीत, आणि वाढणारीने पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी बसून राहिलो.

बाई गेल्याचं बाकीच्यांच्या लक्षात आलं तब्बल तासाभराने, तेही का, तर त्यांच्या वाटणीचा ससा उरला म्हणून. "बाई कुठायत?" आर्मिदाने विचारलं. मी सांगितलं. ती हबकली. "एकट्या? आणि ससा न खाता?" जरा वेळ सगळे हळहळले. मग ससा वाया जाऊ नये म्हणून सेकोंदोंनी तो वाटून दिला. साडेतीन वाजले, साडेचार वाजले. कुणी घड्याळाचं नाव काढलं नाही. बेचाळीस तिकिटं माझ्या खिशात तशीच राहिली.

कॉफीनंतरचं कडू पाचक पिऊन उठलो तेव्हा साडेसहा झाले होते आणि बाई दारात उभ्या होत्या. जाऊन, बघून, परत आल्या होत्या. आमची बस त्यांच्यासाठी एक मिनिटसुद्धा थांबली नाही, थांबावंच लागलं नाही. बुटांवर धूळ होती, केस विस्कटले होते, आणि चेहरा असा उजळला होता की आमच्यापैकी कुणी तो तसा कधी पाहिला नव्हता.

बसमध्ये त्या पुढच्या सीटवर आमच्याकडे तोंड करून बसल्या, हात मांडीवर, वर्गात धडा सुरू करायच्या आधी बसायच्या अगदी तशा. बस शांत झाली. बेचाळीस माणसं, त्यातली निम्मी त्यांच्या वर्गातली मुलं. त्यांनी श्वास घेतला.

"बाई," सेकोंदोंनी काळजीने विचारलं, "पण तुम्ही खाल्लंत काय?"

"स्टेशनवर एक सँडविच."

बस हादरली. "सँडविच!" "स्टेशनवरचं!" "यंत्रातलं की ताजं?" "अरे देवा, आणि इथे ससा होता!" आर्मिदाच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. तिने सलामीची पिशवी उघडली. मागून कुणी पाव पाठवला, कुणी सुरी, कुणी बार्बेरा. बाईंच्या मांडीवर हे एवढं ताट तयार झालं.

बाई थांबल्या. गोंगाट ओसरायची वाट बघत आमच्यातल्या एकेकाला डोळ्यांच्या मधोमध आणून बघत राहिल्या. शेवटी त्यांची नजर माझ्यावर आली. आता मी विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. निळं होतं का, बाई? एवढंच विचारायचं होतं. मी पुढे वाकलो, तोंड उघडलं.

"सँडविचमध्ये हॅम कच्ची होती की शिजवलेली?" मी विचारलं.

"शिजवलेली," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला, आणि डबी मिटून त्या खिडकीकडे वळून बसल्या.