मुकादमाचे हरवलेले तीन तास

“काका, हा मुकादमच आडवा झाला, तर त्याला उभं कोण करणार?”

रुग्णालयाच्या साहेबांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आईबरोबर तिच्या कामावर आलेल्या पोरीने विचारलं.

मित्रांनो, तो मुकादम म्हणजे मी. मी एक जुना सर्व्हर आहे, पण मला हात लावायला येऊ नका, मला अंगच नाही. रुग्णालयाच्या या थंडगार खोलीत आठ यंत्रं घरघरत असतात. त्यांच्या पोटात माझ्यासारखे साठ बिनअंगाचे सर्व्हर राहतात. कुणी रुग्णांच्या नोंदी सांभाळतो, कुणी एक्स-रे. कुणाला किती जागा द्यायची, एखादं यंत्र थकलं की कुणाचं बिऱ्हाड कुठे हलवायचं, ही मुकादमकी माझी. पोरीची आई इथली कॉम्प्युटर इंजिनिअर. तिनेच नऊ वर्षांपूर्वी मला उभं केलं, हे नावही तिनेच ठेवलं. सुरुवातीला माझं कोण कौतुक! मग काम बिनबोभाट चालू लागलं आणि सगळे मला विसरले. दोन वर्षं साधं अपडेटसुद्धा नाही.

त्या रविवारी ते करायचं ठरलं. मी बिघडलो, तर नव्याने घडवायला चार दिवस. तेवढ्यात एखादं यंत्र बंद पडलं, तर रुग्णांच्या नोंदी हलवायला कुणी नाही. जबाबदारी तुमची, असं साहेबांनी आईला बजावलं होतं.

प्रश्न ऐकून साहेब हसले. त्याची प्रत काढून ठेवलीय की, म्हणाले. आई मात्र हसली नाही. प्रत होती, पण मला तिच्यावर परत नेणारं बटण माझ्याच पडद्यावर होतं. कपाटाची किल्ली कपाटातच! शिवाय मी पडलो फिरस्ता, आज या यंत्रात तर उद्या त्या. आईने मला तीन नंबरच्या यंत्रात बसवलं, तिथून हलायची बंदी केली आणि माझ्याशिवाय थेट त्या यंत्रात शिरता येतं का ते पाहिलं. पासवर्ड चालेना! तासभर खटपट करून तिने नवा घेतला, तो कागदावर लिहिला. मग मला झोपवून ताजी प्रत काढली.

पुढचं मला आठवत नाही. खरंच नाही. पोरीने इथूनच मैत्रिणींना फोनवर सांगितलं, तेव्हा कळलं. अपडेट अर्ध्यावर अडकलं, मी काही केल्या उठेना. आई पुन्हा पुन्हा माझाच पडदा उघडायला बघू लागली, तेव्हा पोरगी हळूच म्हणाली, “आई, तीन नंबर.” आई थेट त्या यंत्रात गेली आणि तिने मला प्रतीवर परत आणलं. माझ्या आठवणीत दहा वाजले होते, भिंतीवरच्या घड्याळात एक. तीन तास गेले ते गेलेच, पण साठही बिऱ्हाडं जागच्या जागी कामात होती.

मी मजेत आहे. पुढच्या रविवारी पुन्हा अपडेट आहे, पण आता धास्ती नाही. मित्रांनो, प्रत काढून स्वस्थ बसू नका. परतीची वाट आधी एकदा चालून बघा.

त्या संध्याकाळी बाबा न्यायला आले, तेव्हा पोरीने आईबाबांना दारातच थांबवलं.

“आमच्या शाळेचे सगळे निकाल ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर आहेत. तो आडवा झाला तर काय, हे उद्या मी मोठ्या बाईंना विचारणार आहे. परवानगी मागत नाहीये, सांगतेय.”